नववा प्रश्न

उमाला खानेसुमारीचं काम मिळालं ते तिने भांडून मिळवलं. एकोणीसशे एक्कावन्न सालचा फेब्रुवारी. शाळेतल्या मास्तरांना घरोघर फिरून माणसं मोजायचा हुकूम आला होता आणि हेडमास्तर भगवंतरावांनी बाईमाणूस म्हणून तिचं एकटीचं नाव वगळलं. झालं! उमा सरळ त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "सर, मोजायच्या माणसांत निम्म्या बायका आहेत. मग मोजणाऱ्यांत एक बाई असली तर काय बिघडलं?" भगवंतराव भला माणूस. वाद घालण्यापेक्षा त्यांनी मोरिवली गाव तिच्या नावावर लिहून टाकलं आणि चहा मागवला.

अशी ही उमा. अंबरनाथच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची आणि महिला मंडळात हिंदू कोड बिलावर तावातावाने बोलायची. मागच्या वर्षी तिने भरसभेत सांगितलं होतं की बाईने मिळवायला लागायलाच हवं, कारण त्याने बाई तर मोकळी होतेच, पण घर चालवण्याचं जे ओझं पुरुषाच्या एकट्याच्या मानेवर ठेवलेलं असतं तेही हलकं होतं. टाळ्या कडाडल्या. त्या टाळ्यांत शेवटच्या रांगेतला श्रीपादही होता. कुळगावचा श्रीपाद एका रंगाच्या कारखान्यात कारकून होता, जरा अबोल, पण हसरा. पुढे मध्यस्थ लागले, साखरपुडा झाला, वैशाखातलं लग्न ठरलं.

आणि मोजणी सुरू व्हायच्या दोन दिवस आधी श्रीपादचं पत्र आलं. कारखान्यात मार्चअखेर कपात होणार होती आणि यादीत त्याचं नाव होतं. "दुसरी नोकरी मिळेल," त्याने लिहिलं होतं, "पण कधी ते सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घाईने कुठेही चिकटावं असं मला वाटत नाही. तुमच्या पगारात दोघांचं भागेल. घरचं सगळं मी बघेन. आईच्या शेवटच्या आजारपणात तीन वर्षं मी स्वयंपाक केला आहे, तो बरा होतो. तुम्ही सभेत बोलला होतात, म्हणून विचारायचं धाडस करतो. पटत नसेल तर तसं कळवा. तुमच्या अण्णांना मी स्वतः सांगेन, तुमच्यावर बोल येऊ देणार नाही."

पत्र वाचून उमाच्या मनात पहिला शब्द आला तो "फसवलं". दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून पहिला शब्द काही पुसला जात नाही. ती उत्तर लिहायला बसली, दोनदा कागद फाडला आणि मग मोजणीचं काम आहे ना, असं स्वतःला बजावून उठली. मार्चच्या पहिल्या रविवारी श्रीपाद आणि त्याचे काका लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायला घरी येणार होते. तोवर तिला हो किंवा नाही म्हणायचं होतं.

मोजणीत माणसागणिक एक चिठ्ठी भरायची होती. नाव, वय, धर्म, जन्मगाव, मातृभाषा असे प्रश्न सरळ होते. नववा जरा नाजूक होता. माणूस आपल्यापुरतं मिळवत असेल तर लिहायचं स्वावलंबी. काहीच मिळवत नसेल तर आश्रित. थोडं मिळवत असेल पण त्यात त्याचं भागत नसेल तर मिळवता आश्रित. मोरिवलीत या प्रश्नाला उमाला कधी थांबावं लागलं नाही. बाप्ये कारखान्यात नाहीतर शेतावर, म्हणजे स्वावलंबी. बायका घरी, म्हणजे आश्रित. दौतीत टाक बुडवायचा, लिहायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं.

सोळा तारखेला सकाळी ती गावाच्या टोकाच्या घरी पोचली आणि अंगणातच थबकली. न्हाणीच्या दगडावर एक तिशीतला बाप्या पाय लांब पसरून बसला होता. पायांवर पाच-सहा महिन्यांची पोर पालथी. एका हाताने तिची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने तो पाठीवर कोमट पाणी सोडत होता. उमाने जन्मात बाळाला न्हाऊ घालणारा पुरुष पाहिला नव्हता. तोंडातून नकळत गेलं, "घरात कोणी नाही का?"

"मी हाय ना," तो म्हणाला. "बसा बाय. हिचा झाला का येतो."

त्याने पोरीला पुसलं, धुरी दिली, काजळ घातलं, फडक्यात घट्ट गुंडाळली आणि झोळीत टाकली. मग हात पुसत समोर येऊन बसला. नाव चंदर. बायकोचं नाव जनी. ती काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या भरायला जाई. चंदरने माहिती भराभर सांगितली. नवव्या प्रश्नाशी गाडी अडली.

"तुम्ही काय करता?"

"ह्या बगताव ना तुमी. पोर, चूल, पानी."

"ते झालं हो. मिळवायला काय करता?"

"मी नाय मिलवत. जनी मिलवते."

उमाचा टाक दौतीवरच राहिला. हा प्रश्न चिठ्ठीवरचा नव्हता, तरी तिने विचारला. "तब्येत बरी नसते का?"

"नाय. चांगली हाय."

"काही अपघात वगैरे? कारखान्यात हात सापडला, असं काही?"

चंदरने दोन्ही हात पुढे करून दाखवले. धडधाकट दहा बोटं. उमाने हळूच घरात नजर टाकली. कोपऱ्यात बाटली दिसते का, ते पाहिलं. कोपऱ्यात भांडी होती, लख्ख घासलेली. "जमीन होती ना तुमची?"

"व्हती. कारखान्यात जेली. मंग मी दोन वर्सां हमाली केली. जनीला काम लागला, पोर झाली, तवा दोगांनी इचार केला का कोनीतरी घरी पायजे."

"मग तुम्हीच का?"

चंदर विचारात पडला. उमाही वाट बघत राहिली, कारण तिला खरोखरच उत्तर हवं होतं. पर्समध्ये ते पत्र होतं. या माणसाने काहीतरी सांगावं, आजार, नवस, कोणाचा शाप, काहीही, की ज्याने हे सगळं समजण्यासारखं होईल, अशी तिला ओढ लागली होती.

"मना बरा वाटतंय घरी," चंदर म्हणाला. एवढंच.

उमाला वाटलं, बिचारा. लोकांपुढे लाज झाकतोय. आणि मग तिने जे केलं ते तिच्यासारख्या शिकल्यासवरल्या, चांगल्या मनाच्या बाईलाच सुचू शकतं. सरकारी कागदावर या माणसाची शोभा नको, म्हणून तिने चंदरच्या चिठ्ठीवर लिहिलं "स्वावलंबी", आणि धंद्यापुढे "शेती". आता नवरा स्वतःच्या पायावर उभा म्हटल्यावर घरात त्याच्या बरोबरीने आणखी एक पाय रोवून उभं राहणारं माणूस तिच्या डोळ्यांसमोर येईना. जनीच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं "मिळवती आश्रित". लिहिताना हात अडखळला नाही. शाई टिपून घेतली आणि एक भलं काम केल्याच्या समाधानात ती उठली.

घरी आल्यावर मात्र तिला तो माणूस डोक्यातून काढता येईना. आईने ताट वाढलं तरी ती विचारातच. एका सकाळी शाळेत जाताना तिने पाहिलं तर चंदर पोरीला कडेवर घेऊन विहिरीवरच्या बायकांत उभा, आणि हास्यविनोद चाललेला. त्याला कोणी टोमणा मारत असेल का? रात्री जनी त्याच्यावर ओरडत असेल का? आपण जनीच्या जागी असतो तर? या शेवटच्या प्रश्नाशी ती दरवेळी थांबायची, कारण तिथून पुढची पायरी सरळ श्रीपादच्या पत्रावर पडत होती. आपल्या मनाचं तिलाच नवल वाटू लागलं. समान हक्क म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर नेहमी बाई वर चढताना यायची. पुरुष खाली बसलेला तिने कधी कल्पनेतही पाहिला नव्हता. आणि घरी बसणं म्हणजे खाली बसणं, हे तरी तिला कोणी शिकवलं होतं?

मार्चच्या पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक घरी पुन्हा जाऊन चिठ्ठ्या पडताळायच्या होत्या. मधल्या काळात कोणी जन्मलं, कोणी गेलं, तर दुरुस्ती करायची. चंदरचं घर उमाने मुद्दाम शनिवारी संध्याकाळी शेवटचं ठेवलं. तिला जनीला बघायचं होतं.

जनी नुकतीच कामावरून आलेली. ठेंगणी, काटक, बोटांना गंधकाचा वास. ओट्यावर पाय सोडून बसली होती आणि चंदरने आणून दिलेला चहा बशीतून पीत होती. आत तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगलेली. उमा नीट बघत राहिली. भाकरी तिच्या स्वतःच्या भाकरीपेक्षा गोल होती, हे तिने मनातल्या मनात कबूल केलं.

"काय लिवलंव ते वाचून दाखवा, बाय," जनी म्हणाली. "आमच्या कारखान्यात मुकादम काय बी लिवतो. मना सवय लागली इचारायची."

नियम असा की मागेल त्याला वाचून दाखवायचं. उमाने वाचलं. चंदर, वय एकतीस, स्वावलंबी, शेती. चंदर आतून खो खो हसला. "कुठली शेती, बाय? झोलीतली?"

जनी हसली नाही. "आनि माजा?"

उमाने दुसरी चिठ्ठी वर घेतली. "मिळवती आश्रित."

"म्हंजे?"

"म्हणजे... थोडं मिळवता, पण मुख्य आधार नवऱ्याचा."

बशी खाली आली. "कोनाचा आधार?" जनीचा आवाज चढला नाही, पण उमाला अंग चोरावंसं वाटलं. "सकाली सातला जाते, सांजला येते. ह्या बोटांची सालां जेली बगा. घरातला दाना न् दाना माज्या कामाचा. आनि तुमी मनाच दुसऱ्याची आश्रित केलीत? तुमी बाई असून?"

उमाने चिठ्ठी खाली ठेवली. मुकादमाने केलं असतं तर ती मंडळात त्याच्यावर अर्धा तास बोलली असती.

"मला वाटलं," ती म्हणाली, "यांना कमीपणा येईल."

"त्याला इचारलात?"

चंदर दारात येऊन उभा राहिला. "नाय म्हंजे, बाकीचा लय इचारला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थोडी गंमतच होती. "तब्येत इचारली, हात इचारले. मी घरी का बसतो, ता धा येला इचारला."

"आनि शेजारनीला इचारलात?" जनीने पलीकडच्या घराकडे बोट केलं. "ती पन घरीच बसते ना? का बसते, तिला आवरतंय का नाय, ता इचारलात कधी?"

उमाने पलीकडच्या घराकडे पाहिलं. शेजारचं घर तिने केलं होतं. त्याच्या शेजारचंही. त्या गावात एकशे बारा घरं होती आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक बाई घरी होती. एकीलाही तिने "का" म्हणून विचारलं नव्हतं. चांगल्या धडधाकट बायका, पण त्यांचे हात तिने पाहिले नव्हते. कोणाला शाळा सोडायची नव्हती, कोणाला शेत आवडायचं, कोणाला खरंच घरी बरं वाटत होतं, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिला ते विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं. बाईने घरी असण्याला कारण लागत नाही आणि बाप्याने घरी असण्याला आजार लागतो, असं तिच्या डोक्यात कोणीतरी पक्कं बसवलं होतं, आणि ती तर सभा गाजवत फिरत होती!

तिने दोन्ही चिठ्ठ्या पुढे ओढल्या. चुकलेलं खोडून वर नीट लिहिलं. जनी, स्वावलंबी. चंदर, आश्रित. खाली सही केली. चंदरने चिठ्ठी हातात घेऊन अक्षरांकडे कौतुकाने पाहिलं, त्याला वाचता येत नव्हतं तरी. "आता बराबर," तो म्हणाला. "भाकरी खाऊन जा."

ती खाऊन गेली.

वाटेत तिने ठरवलं की उद्या श्रीपादला हो म्हणायचं. ठरवलं आणि तिला मोकळं वाटलं, पण अर्धवट. कारण पत्र येऊन तीन आठवडे झाले होते.

रविवारी दहा वाजता श्रीपाद आणि त्याचे काका हरिचंद्रपंत आले. बैठकीत अण्णा, म्हणजे उमाचे वडील, एका कारखान्यातले हेडक्लार्क, कागद पेन्सिल घेऊन तयार. उमा दाराशी वेताच्या मोड्यावर बसली. ती योग्य क्षणाची वाट बघत होती, तोवर काकांनीच सुरुवात केली.

"अण्णासाहेब, कपातीचं तुमच्या कानावर आलंच असेल. पण काळजीचं कारण नाही. श्रीपादला जागा मिळाली. उल्हासनगरला एका सिंधी शेटचं कापडाचं दुकान आहे. उद्यापासून गज घेऊन उभं राहायचं."

"वा! बघा, हिंमत असली की मार्ग निघतो," अण्णा खूश झाले आणि आत बघून आईला म्हणाले, "अगं, साखर आण."

आणि उमाला हायसं वाटलं. कालचा निश्चय, जनी, ती भाकरी, सगळं जागच्या जागी होतं, तरी तिला हायसं वाटलं, आणि ते वाटताना तिने स्वतःला रंगेहाथ पकडलं. तिने श्रीपादकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याने तिचा चेहरा वाचला होता, यात शंका नव्हती.

"मला यांच्याशी बोलायचंय," ती उठून म्हणाली. काकांच्या भुवया वर गेल्या, पण उमाचा स्वभाव एव्हाना दोन्ही घरांना माहीत होता.

मागच्या अंगणात शेवग्याखाली दोघं उभे राहिले.

"माझं उत्तर आलं नाही म्हणून घेतलीत ही नोकरी?"

"तीन आठवडे गप्प राहण्याचा दुसरा काय अर्थ लावायचा?" श्रीपाद म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. "बरोबर आहे तुमचं. लिहिताना मलाच विचित्र वाटत होतं."

"आत्ता काकांनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं," उमा म्हणाली. "खोटं नाही बोलत. बरं वाटलं याची मला लाज वाटते. पण वाटलं."

"दिसलं."

"ते जायला वेळ लागेल. जाईल की नाही ठाऊक नाही. पण मला एक विचारायचंय. तुम्हाला त्या दुकानात उभं राहावंसं वाटतं का?"

शेवग्याच्या खोडावरचं सुटलेलं सालपट श्रीपाद नखाने काढत राहिला. "हे मला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "मॅट्रिक झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी कारखान्यात नेऊन उभं केलं. मी पण कधी स्वतःला विचारलं नाही. माहीत नाही, उमा. थोडे दिवस घरी राहिलो तर कदाचित कळेल. कदाचित मला तेच आवडेल. मग काय करशील?"

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं बोलला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

"मग मला अधूनमधून राग येईल," उमा म्हणाली. "तेव्हा मला सांगायचं, की हा राग तुझा नाही, ऐकून ऐकून आलेला आहे. चालेल?"

श्रीपाद हसला. चालेल म्हणाला.

ती बैठकीत आली आणि बसण्याआधीच बोलली. "अण्णा, ते दुकान नको. घर माझ्या पगारात चालेल."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि हा काय करणार?"

उमाच्या जिभेवर कारणं तयार होती. एकापेक्षा एक सुबक. कपात काय, तात्पुरती असते. तो परीक्षेला बसेल. त्याच्या डोळ्यांना कारखान्याचा रंग बाधतो. अण्णांना पटतील अशी, चारचौघांत सांगता येतील अशी. तिने ती सगळी गिळली.

"घर बघेल."

"का? झालंय काय त्याला?"

"काही नाही."

"मग धडधाकट माणसाने घरी का बसायचं? काहीतरी कारण हवं की नको?" अण्णांचा आवाज खोलीभर झाला. काका छताकडे बघू लागले.

"आईला विचारलंत कधी?" उमा म्हणाली. "तीस वर्षं ती घरी आहे. का, म्हणून?"

आई साखरेची वाटी घेऊन दाराशी उभी होती. अण्णा तिच्याकडे वळले ते रागातच, मुलीला गप्प करायला आता हिची साक्ष काढावी म्हणून. "सांग गं हिला," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांचा सूर उतरला आणि त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू, जणू ती कोणी नवी बाई आहे. "काय गं? का?"

आईने वाटी टेबलावर ठेवली. पाहुण्यांसमोर ती कधी बसत नसे. तिने काकांच्या शेजारची खुर्ची ओढली, पदर सावरला आणि बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पण मधे बोलायचं नाही. वेळ लागेल."

अण्णांनी मान हलवली.